मनगटावरचा ठिपका

प्रिय आईस,

तुझ्या भटकभवानीचा साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

पार्लरमध्ये देशोदेशीच्या बायका येतात. कुणाला मेंदीच्या वेली हव्या असतात, कुणाला नुसते चौकोन-त्रिकोण. एक आजीबाई तर फक्त बोटांची टोकं रंगवून घेतात. पण रंगलेला हात सगळ्याच हुंगून बघतात, अगदी तुझ्यासारख्या!

मालकीणबाईंनी आता काळी मेंदी आणलीय. तासाभरात रंगते म्हणे. तू शिकवलंस तसा परवा आधी माझ्याच मनगटावर ठिपका देऊन पाहिला. आज तिथे टपोरा फोड आलाय. फार दुखत नाही. बांगडी तेवढी काढून ठेवलीय.

उद्या एक नवरी येणार आहे, अगदी कोवळी पोर. "तिला हीच लावायची," असं बाईंनी बजावलंय. मी फोड दाखवला, तर म्हणाल्या, "तुझी कातडीच नाजूक." मी उद्या सरळ नाही म्हणणार आहे. बाईंचा राग मोठा आहे, पण माझा त्यांनी अजून पाहिलेला नाही.

तू काळजी करू नकोस. आपल्या मेंदीच्या झाडाचा पाला तेवढा वाळवून पाठव. फक्त पार्लरच्या पत्त्यावर पाठवू नकोस.

तुझीच,
भटकभवानी