एकेक फर्मा

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. एवढी मोठी कादंबरी पाठवते म्हणालीस आणि धाडलास एक फर्मा, सोळा पानं! बाइंडिंगच्या कारखान्यात आहेस म्हणून भावाला असं तुकड्या-तुकड्यांवर जगवायचं का गं? मला वाचायचा कंटाळा, तुला ठाऊकच आहे. पण सुट्टीला काही काम नव्हतं म्हणून धरली, आणि अडकलो ना.

अमेरिकेतले ते अ‍ॅपलाचियन डोंगर, आजोबांच्याही आधीचा काळ. शेजारणीची चूल विझली म्हणून कादंबरीतली ती बाई लोखंडी भांड्यात निखारे घेऊन बर्फातून डोंगर उतरते, तिथे माझेच हात पोळले. मग कोळसा कंपनीचा माणूस येतो आणि म्हणतो, वरची जमीन तुमची, खालचं सगळं आमचं. नेमका तिथेच फर्मा संपला! पुढचा लवकर धाड, कारण मी बहुतेक इथून हलतोय. दुसरा एक ठेकेदार बोलावतोय. इथे गोदीत जहाजाच्या पोटात वाकून वेल्डिंग करायचं आणि शिकवणाऱ्या उस्तादांनी म्हणायचं, जोड शेळीने चघळल्यासारखा दिसतो, तोड आणि परत कर. कोण ऐकून घेणार?

आईला नमस्कार. माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दुसरा फर्मा सोबत आहे. छपाईत डागाळलेली ही प्रत मालकांनी मला न शिवताच दिली, आणि मी ती मुद्दाम शिवली नाही. गॅरेज सोडलंस, बेकरी सोडलीस. आई म्हणते, पोराच्या पायाला भिंगरी आहे, त्याचा पत्ता पेन्सिलीनेच लिहावा. तेव्हा अट ऐक. फर्मे याच पत्त्यावर येतील. पत्ता बदललास की कादंबरी बंद. इतक्या ठिकाणी हात घातलास, एक तरी काम पुरतं शीक रे.

राग आला तरी वाच. आणि झाडांची वर्णनं गाळू नकोस, मी ओळखते तुला.

आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवटचा फर्मा वाचून झाला. तुझी अट कळली तेव्हा मी मनात तुला जे जे म्हणालो ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. पण पुढे गंमत झाली. जेवणाच्या सुट्टीत जहाजाच्या सावलीत सगळे माझ्याभोवती बसायला लागले. मी ओळीखाली बोट ठेवून, अडखळत वाचतो. एकदा झाडांची दोन पानं गाळली तर उस्तादांनी पकडलंच. म्हणाले, डोंगर चढला नाहीस आणि उतरलास कसा? परत वाचायला लावली.

लिहिणाऱ्याने कमाल केलीय, ताई. त्या बाईचा भाऊ ओंडक्यांच्या तराफ्यावरून नदीने पळून जातो, तेव्हा ओल्या सालीवरून पाय कसा सटकतो ते माझ्या तळव्यांना कळलं. तो पळाला तेव्हा मी मोठ्याने शाबास म्हणालो होतो. पण तराफा नुसता उताराला जातो गं. घरी यायचं तर चालतच. शेवटी तो येतो, फाटक्या जोड्यांनी, आणि बहीण चुलीपाशी सरकून जागा करते. बस्स, एवढंच लिहिलंय. मी ती ओळ परत वाचली. वेल्डिंग कुठेही चालू नव्हतं, तरी उस्तादांनी तोंडावर शील्ड ओढून घेतली.

काल सकाळी त्या दुसऱ्या ठेकेदाराची गाडी मला न्यायला आली. कादंबरी संपली होती, तुझी अटही संपली होती, ट्रंक भरलेली होती. उस्ताद माझा आदल्या दिवशीचा जोड हातोडीने ठोकून बघत बसले. गाडीवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून मला शिव्या घातल्या आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

परवा उभ्या जोडाची परीक्षा आहे. वितळलेलं लोखंड अजून खाली ओघळतं. आईला सांग, नापास झालो तर इथेच पुन्हा देईन.

आहे तो लोभ कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा