मेंढरं नसताना चालणं

आबा, येत्या सोमवारी मी लिंबागणेशहून पायी निघणार आहे आणि आठवड्यानं युसूफ वडगावला पोचणार आहे. एसटी आहे, मुलाची गाडी आहे, तरी पायी. हौशी लोकांनी बालाघाटाच्या माथ्यावरून एक लांबलचक पायवाट आखलीय. सगळी एका दमात कुणी चालत नाही, दरवर्षी जमेल तेवढा टप्पा घेतात. माझा यंदाचा टप्पा हा. तरणी पोरं तो तीन-चार दिवसांत उरकतात म्हणे. मला आठवडा लागेल, लागू दे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पिशवी भरताना तुमचा आवाज कानात येतो, म्हणून लिहायला बसले. टपालात टाकायचं नाही, तेव्हा हातचं राखून लिहिणार नाही.

तो दुष्काळ आठवा. मी बीडच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेय. गावात चाऱ्याची काडी नाही. आई आणि काका मेंढरं घेऊन मांजरेच्या काठाला निघालेत. तुम्ही नुकतेच मेंढपाळांच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन झाला आहात, खांद्यावरचं घोंगडं जाऊन अंगात इस्त्रीचा सदरा आलाय. मी एक कोकरू उचलून आईच्या मागं चालू लागते. देवळापाशी तुमची जीप आडवी येते. चारचौघांत तुम्ही ते कोकरू माझ्याकडून काढून आईच्या हातात देता. “चेअरमनची लेक मेंढरामागं? आमी चाललो तेवढं लई झालं. तू खुर्चीवर बसायचं, समजलं का?” आई कोकरू घेऊन कळपामागं निघून गेली. मी जीपमध्ये रडत होते आणि तुम्हाला वाटलं, पाय दुखले असतील.

बसले की आबा, खुर्चीवर. बीडच्या कचेरीत केस पांढरे होईपर्यंत बसले. त्याचे उपकार मानते, खोटं कशाला बोलू. पण आई दरवर्षी कुठून जायची, कुठं तीन दगडांची चूल मांडायची, यातलं मला काहीच बघू दिलं नाहीत, आणि तो राग अजून गेलेला नाही. तुम्हाला चालण्याची लाज वाटायची. मला वाटत नाही. मुलगा म्हणाला, “आई, या वयात डोक्यात काय शिरलंय?” मी म्हटलं, तुझ्या आजोबांना विचारत नाही, तिथं तुला काय विचारू!

यंदाही पावसानं पाठ फिरवलीय, त्यामुळं पाणी असेल तिथंच मुक्काम ठरवतेय. केजकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आहे असं कळलं, त्याला फोन लावला. “तुमचं रान मोकळं हाय का? एक रात उतरायचंय.” आपल्या घरात असंच विचारायचे, माझ्याही तोंडून तेच गेलं. गडी खूश झाला. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत, हा त्याचा हिशेब. “या की! मेंढरं किती हायेत?”

“मेंढरं न्हाईत. मी एकटीच हाय.”

“मग कावून चालता?”

“मला चालायचंय म्हणून.”

मग त्यानं विचारलं, कुणाच्या तुम्ही? मी आईचं नाव सांगितलं, ती या बाजूनं मेंढरं आणायची म्हणून सांगितलं. त्यानं घरात कुणाला तरी हाक मारली. फोनवर एका म्हातारीचा आवाज आला. “हनुवटीवर गोंदलेली, तीच का? आमच्याच रानात बसवायची मेंढरं. तिची लेक व्हय तू? ये बाई, भाकरी टाकते.” फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून पोटभर रडले आणि मग पुढच्या मुक्कामाच्या मागं लागले.

एक मात्र सांगते, आबा. त्यानं विचारल्यावर आधी माझ्या तोंडी तुमचंच नाव आलं होतं, सोसायटीच्या चेअरमनची मुलगी म्हणून. ते नाव त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.