पाळणाघराचं यमक

३ जून
कारखान्यातलं पाळणाघर महिनाअखेर बंद. तिथे नव्या मालकांची सॅम्पल-रूम होणार. आज नोटीस लागली.
शिलाई लाइनच्या बायका संध्याकाळी घरी आल्या. पुढे मावशी. सगळी लाइन तिला मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो, ती माझ्याहून लहान असूनही. म्हणाली, भाऊ, चोवीस तारखेला मोठ्या मॅडम येणार आहेत, त्यांना इंग्रजीच कळतं, तुम्ही बोला.
मी कटिंग खात्यातून निवृत्त झालो, गेटवरच्या युनियनमधून नाही. आयुष्यभर माझ्या घोषणा भिंतींवर राहिल्या, भाषणं माणसं विसरली. कारण यमक. यमक म्हणजे वाक्याला मारलेली गाठ, ओझं नेताना सुटत नाही. तेव्हा इंग्रजीत बोलायचं, तर यमकातच.
तीन दिवसांत उरकतो.

५ जून
शेजारच्या मास्तरांकडे. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं त्यांनी. मुख्य शब्द: क्रेश, म्हणजे पाळणाघर. जुळतं काय? फ्रेश. भाजीवाला ओरडतोय असं वाटतं. बेबीला मेबी. पण मागणीत ‘कदाचित’ घालणारा पुढारी मी नव्हे. क्रेडलला लेडल. लेडल म्हणजे पळी, मास्तर म्हणाले. पळी घेऊन कुणी लढत नाही.
चिल्ड्रनला काहीच नाही. एवढं मोठं साम्राज्य केलं आणि लेकरांना एक यमक ठेवलं नाही!

८ जून
मुलगी त्याच लाइनवर आहे. जावई जहाजावर, म्हणून ती माझ्याकडे राहते. नातू ठोंब्या पाच महिन्यांचा. बाटली तोंडात धरत नाही, थुंकतो. ती मधल्या सुट्ट्यांत पळत जाऊन त्याला पाजते. पाळणाघर लाइनला लागूनच आहे, म्हणून जमतं.
आज म्हणाली, बाबा, एवढंच सांगा. खोली हवी, ती लाइनजवळ हवी, बस. आणि एकदा येऊन खोली बघून तरी जा.
मी म्हटलं, ही मागणी झाली, भाषण नव्हे. भाषण असं पोटातून यावं लागतं.
म्हणाली, त्याच्या पोटाचं बघा आधी.
खोली बघायला गुरुवारी जाईन.

१२ जून
गुरुवार होता. गेलो नाही. मदर-ब्रदर-अदर यांच्यात अडकलो.
इंग्रजीचा मला मनस्वी राग आलाय. बॉम्ब, कोम म्हणजे कंगवा, टूम म्हणजे थडगं. तिन्हींच्या शेवटी ओ-एम-बी. कागदावर सख्खी भावंडं, बोलायला लागली की एकमेकांना ओळख देत नाहीत. मास्तर म्हणाले, साधं बोला ना, वुई नीड धिस रूम. मी म्हटलं, मास्तर, साधं बोलून जगात काय मिळालंय? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, मला पेन्शन मिळाली, अर्ज साधा होता.
पेन्शन. टेन्शन. मेन्शन. सस्पेन्शन! काय सुरेख जुळतात. पण बायकांना पेन्शन नकोय. दुर्दैव.

१५ जून, सकाळी
सापडलं!!
ठोंब्या आत रडत होता, मुलगी अंघोळीला, मी गॅसपाशी उभा. दूध उतू गेलं. आणि डोक्यात वीज.
कारखाना रेशमी स्कार्फचा. सिल्क. आणि —
नो मिल्क, नो सिल्क!
चार शब्द. पूर्ण यमक, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बंद पडलेल्या शिलाई मशीनची धमकी त्यात, आईचं काळीज त्यात. मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. ठोंब्या आणखी रडला. आवाजात दम आहे याची ती खूण.
मुलगी ओल्या केसांनी धावत आली. गॅस पुसायचा राहिला म्हणाली.

१६ जून
मास्तर म्हणाले, छान आहे, पण दूध कुणी मागितलंय?
शिक्षकाची जात! मी म्हटलं, दूध हे प्रतीक आहे. दूध म्हणजे आई, आई म्हणजे पाजणं, पाजणं म्हणजे खोली. मास्तर म्हणाले, मॅडम एवढे जिने चढतील का?
त्यांच्याकडे आठवडाभर जाणार नाही.

१९ जून
गेटवर तालीम. मी ‘नो मिल्क’, त्या ‘नो सिल्क’. पहिल्यांदा लाजल्या, मग अशा पेटल्या की वॉचमनही म्हणू लागला. अंगावर काटा आला. अजून आहे माझ्यात.
मावशी बाजूला घेऊन म्हणाली, भाऊ, ह्यात पाळणाघर कुठे आलं? मी म्हटलं, गर्भितार्थात. ती म्हणाली, तो गर्भातच राहायला नको म्हणजे झालं. सगळ्याजणी हसल्या. मीही हसलो, मोठ्या मनानं.
मुलगी हसली नाही.

२३ जून
उद्याचं भाषण पाठ. खोलीवरचा परिच्छेद काढला. रूमला ग्रूम, ब्रूम आणि डूम एवढेच मिळाले. नवरदेव, झाडू आणि सर्वनाश. यमकाशिवाय तो परिच्छेद मधेच लंगडा पडत होता. लंगडा सैनिक पुढे ठेवू नये.
मुलीला सांगितलं नाही. उगाच काळजी करेल.

२४ जून
विजय!
मोठ्या मॅडम स्वतः खाली आल्या. मी बोललो. मुठी वर गेल्या, पत्रे दणाणले. मॅडम माझ्याकडे वाकून म्हणाल्या, सो यू वॉन्ट मिल्क?
हजार डोळे माझ्यावर. अशा क्षणी पुढारी घुटमळला तर सभा बसते. मी गरजलो, येस! मिल्क!
टाळ्या. मॅडमनी हात मिळवला. हात गार होता, पण पकड प्रामाणिक. मागून मुलगी काहीतरी ओरडत होती. घोषणांत ऐकू आलं नाही.

२५ जून
नोटीस. एक तारखेपासून कामावर हजर असलेल्या प्रत्येक स्त्रीला रोज दुधाची एक पिशवी. व्यवस्थापन भावनांचा आदर करतं, वगैरे.
पाळणाघराबद्दल शब्द नाही. म्हणजे जुनी नोटीस कायम.
तरी नोंद करून ठेवतो: मागणी एका दिवसात, शंभर टक्के मान्य. युनियनच्या इतिहासात पहिल्यांदा.
मुलगी काल संध्याकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. थकली असेल.

२७ जून
ऑफिसात गेलो. खुर्चीवर बसवून ठेवलं. मॅडम परत गेल्या होत्या. क्लार्क म्हणाला, काका, तुमचं तर झालं ना काम? मी म्हटलं, मुद्दा खोलीचा होता. तो म्हणाला, मग तेव्हा खोली म्हणायचं.
मी प्रतीकाबद्दल बोलू लागलो. त्याला फोन आला.
बाहेर मावशी भेटली. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्यापाशी होतं. ती नुसती म्हणाली, भाऊ, लाइनवरच्या पाच जणी सोडतायत. चूक आमचीच, आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.
येताना मास्तरांकडे गेलो. म्हटलं, ते साधं वाक्य पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं. मी दोनदा म्हटलं. आता ते ऐकायला कुणी नाही, असं मास्तर म्हणाले नाहीत. चहा केला.

२९ जून
नवा संकल्प: ठोंब्याला बाटलीची सवय लावणार. म्हणजे मुलीची नोकरी राहील आणि मी घरी सांभाळेन. बाटली तयार केली, चमच्यानंही पाहिलं. माझ्या सदऱ्यावर सगळं. मी समजावून सांगितलं, त्यानं मुद्देसूद विरोध केला.
उद्या जमेल.

३० जून
जमलं नाही. मुलीनं राजीनामा दिला.

१ जुलै
कारखान्यात आज दुधाच्या पिशव्या वाटल्या. आमच्याकडे नाही. हजर असलेल्यांनाच मिळतात.
मुलगी हिशेब आणायला निघाली. जाण्याआधी पाजून ठोंब्याला माझ्या मांडीवर ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपणहून बोलली. म्हणाली, बाबा, झोपेल तो आता. फक्त काही बोलू नका.
बोललो नाही.
तो झोपला.