दोन ताऱ्यांची तडजोड

व्याहीबुवांना आणि विहीणबाईंना मनापासून नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? (माझे ठीक आहेत, जिना दिसला की तेवढे बोलतात.)

माझी मुलगी रुसली तर माहेरी येईल असा माझा अंदाज होता. ती गेली सासरी, नवऱ्याची तक्रार घेऊन तुमच्याकडे. आणि तुमचे चिरंजीव तणतणत सासुरवाडीला, माझ्याकडे. (शिकलेल्यांना रुसतानासुद्धा सरळ रस्ता सापडत नाही.) पोरांचा संसार मोडू नये म्हणून मी मध्ये पडलो, त्याची ही हकिकत.

भांडण दोन ताऱ्यांवरून आहे, हे सुनेनं सांगितलंच असेल. ते एकमेकांभोवती फिरतात आणि एक दुसऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो. (जावईबापूंनी हे जेवताना सांगितलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी मागितलं.) ताऱ्याच्या प्रकाशात बारीक रेघा असतात. तारा जवळ येताना त्या एका बाजूला सरकतात, लांब जाताना दुसऱ्या बाजूला. त्यावरून वेग, वेगावरून कक्षा, कक्षेवरून वजन. जावईबापूंनी मोठ्या हौसेनं वजन काढलं, आणि दोघं काम करतात त्या वेधशाळेच्या भर बैठकीत आमची कन्या म्हणाली, "अरे, तू तारा मोजलाच नाहीस, मधून वाहणारा वायू मोजलास." सगळे हसले.

मी जन्मभर पंप दुरुस्त केले आणि गिऱ्हाइकांची भांडणं मिटवली. म्हटलं, हे काय अवघड? थेट त्यांच्या वेधशाळेत गेलो. तिथल्या मुख्य बाईंच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत कागद होते, ते मांडीवर घेऊन बसलो. म्हणालो, "बाई, तिचा आकडा जरा खाली घ्या, त्याचा जरा वर. मध्ये कुठेतरी ठरवून टाकू."

बाईंनी चष्मा काढला. "काका, ताऱ्याला विचारलंत?"

"तो कुठे नाही म्हणतोय?"

"रोज म्हणतोय. तुमची मुलगी बरोबर आहे."

बाप म्हणून माझी छाती फुगली आणि सासरा म्हणून मी रुमाल शोधू लागलो. घरी आलो, तर जावईबापू माझा चेहरा बघूनच म्हणाले, "बाबा, माहीत आहे मला. तिचंच बरोबर आहे. पण फोन आधी तिनं करावा." तेव्हा व्याहीबुवा, तुम्ही सुनेला समजवा. जिंकली आहे ती, तिला परवडेल.

आपला नम्र,
मुलीचा बाप (आणि सध्या तुमच्या मुलाचा यजमान)

ता. क. वरचं सगळं रद्द समजा. पाकीट चिकटवताना बाहेरच्या खोलीतून हसू ऐकू आलं. (पंपाच्या आवाजावरून रोग ओळखणारा माणूस मी, भिंत मला आडवी येत नाही.) जावईबापू तिच्याशीच फोनवर होते. वायू वगळून कक्षा नव्यानं काढून झाली आहे, दोघांच्या नावानं छापायला पाठवलीसुद्धा आहे. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "एवढ्यात मिटलं म्हणून सांगू नकोस. इथे चहा आयता हातात येतो. तुझ्याकडे?" तिकडेही तेच असावं, कारण दोघं पुन्हा हसली.

आणखी एक ता. क. आता सकाळ झाली आहे. आजपासून मी जावईबापूंना भांडी घासायला लावतो, तुम्ही पत्र मिळताच सुनेला लावा. विहीणबाईंना दया येईल, म्हणून त्यांना आधी कुठेतरी पाठवा. आमच्या सौभाग्यवतींना मी मेहुणीकडे रवाना केलं आहे. (स्वयंपाकही जावईबापूंच्याच गळ्यात घातला आहे. ते अजून झोपले आहेत. त्यांना माहीत नाही.)