पाच देशांचं ठरलं

४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी ती भली मोठी दुर्बीण अजून कागदावरच ना? पाच देश मिळून एक आरसा घडवणार, आणि एकमत फक्त तारीख पुढे ढकलण्यावर, असं मी शेजारी सांगते.

मला दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात परिचारिकेची जागा मिळाली आहे. महिनाअखेर रुजू व्हायचं आहे. बैठक आटोपली की तू वर्षभर आईजवळ राहणार, असं आपलं ठरलं होतं. तिचा गुडघा तसाच आहे, न्हाणीघरात हात धरावा लागतो. मी थकले रे.

तुमच्या दुर्बिणीच्या कामात म्हणे पैसे जमत नसतील तर देश वस्तू देतात. तूही वाटा उचलतोसच. मागे हवेची उशी पाठवलीस, त्याआधी रक्तदाबाचं यंत्र. या खेपेला माणूस पाठव.

रागावू नकोस, माया असू दे.
तुझी धाकटी

१३ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माणूस पाठव हे वाचून हसलो, मग हसू आलं नाही. बैठक झाली, पण आटोपली नाही. आरसा कुणी घासायचा, घुमट कुणी उभारायचा, कुणाला किती रात्री आकाश बघायला मिळणार, सगळं ठरलं होतं. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेव्हा डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली की तुम्हा पाच जणांचं ठरलं, पण डोंगर आमचा, आम्हाला कुणी विचारलं? सह्यांचे कागद तसेच परत पिशवीत गेले.

आता वस्तीत घरोघरी जाऊन पहिल्यापासून बोलायचं, आणि त्यांची भाषा येणारा मी एकटाच. वर्ष तरी जाईल. त्या दुर्बिणीतून बघणारे आज शाळेत असतील. जीव विटलाय, पण अर्ध्यावर सोडवत नाही. जागा थोडे दिवस राखून ठेवतात का, विचारून बघ. लिहितानाही लाज वाटते. आईला यातलं काही सांगू नकोस, उगाच काळजी करेल.

लोभ कमी करू नकोस.
दादा

२२ सप्टेंबर

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकटी इस्पितळाला नकाराचं पत्र टाकायला निघाली होती, डोळे सुजलेले. तेव्हा तुझं पत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. पायथ्याच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

माझ्या गुडघ्याचं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं की माझी शाळेतली मैत्रीण तळमजल्यावर एकटी राहते आणि कधीची मला तिच्याकडे राहायला बोलावते आहे. तिला दिसत नाही, मला चालवत नाही, दोघींत मिळून एक धड माणूस होतं. धाकटीला घर खायला उठेल म्हणून मी जात नव्हते. मीही तिला विचारलं नाहीच म्हणा.

तिचं पत्र मी फाडलं. ती सोमवारी निघते. मला पडायची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण तिला अडकवून ठेवल्याचं जास्त लागलं असतं.

वस्तीत घाई करू नकोस. तुझ्या वाट्याची वस्तू म्हणून मैत्रिणीच्या न्हाणीघरात धरायला एक दांडी घे. बसवायला मात्र स्वतः ये.

तुझी आई