चिठ्ठी फाडायची घाई

आबा, सापडली! जिच्यामुळे तीन आठवडे घास गोड लागत नव्हता ती चूक आज सकाळी सापडली. शहाद्याच्या या घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी काय झालं! माझं काम म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रामनं दुसरा, खोटा कॉम्प्युटर उभा करायचा. आतल्याला आम्ही पाहुणा म्हणतो. डिस्कवरून माहिती आली की त्याला हाक मारायची, हातातलं सोड, इकडे बघ. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. आमचा पाहुणा मात्र मधेच ढिम्म व्हायचा. दोष आला टीममधल्या एका मुलीवर, कारण शेवटचे बदल तिचे. सोमवारी तिचं चार महिन्यांचं काम काढून टाकायचं ठरलं होतं. बिचारी रडकुंडीला आली होती.

आज चहा गाळता गाळता एकदम सारंगखेड्याची यात्रा आठवली. घोड्यांच्या बाजाराशेजारी मांडवात तुम्ही दरवर्षीसारखे माइकवर बसला आहात, हरवलेल्यांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात. म्हसावदच्या एका आजीच्या नावाचा पुकारा होतो आणि मी लगेच चिठ्ठी फाडते. तुम्ही माइक बंद न करताच ओरडता, "काय व, पुकारा कया म्हणजे मानूस भेटना का? ती समोर येस नही तवलोंग चिठ्ठी फाडू नको!" सगळ्या यात्रेनं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि आबा, इथे अगदी तेच! नाजूक काम चालू असलं की पाहुणा कान बंद करून घेतो. आमचा प्रोग्राम नेमकी तेव्हाच हाक मारायचा आणि चिठ्ठी फाडून मोकळा! पाहुणा बसलाय वाट बघत. मी चार ओळी बदलल्या. पाहुण्यानं हाक घेतल्याशिवाय हाकेची नोंद पुसायचीच नाही. दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, एकदाही अडकला नाही. ओट्यापाशी मी चक्क नाचले, या वयात! मग टीमच्या ग्रुपवर लिहिलं, "जुन्या कोडमधली चूक होती, तिचा काही दोष नाही." लगेच तिचा फोन आला, "ताई, वाचवलंस गं मला!"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहायला सोपं जातंय. घाईनं चिठ्ठी फाडणारी ती जुनी ओळ कुणी लिहिली होती ते मी ग्रुपवर टाकायच्या आधीच बघितलं होतं. मीच लिहिली होती, आबा. आणि फोनवर तिला मी एवढंच म्हणाले, "अगं, असू दे."