झोपलेल्या वारसाच्या नावे

मी, निवृत्त शिक्षिका, सुतारमास्तरांची विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. अक्षर वाकडे येते, डोके सरळ आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते आज वाचताना मान खाली जाते.

बँकेतील ठेव आणि लाकडी कपाट मुलीला. कपाटाचे दार आपटू नये, हे तिला लहानपणापासून सांगत आले आहे.

मिस्टरांचे रंधे, पटाशा आणि करवती शेजारच्या सुताराला. त्याने मागे नेलेला गिरमीट परत केलेला नाही. तोही आता त्याचाच.

चर्चच्या पाळकसाहेबांनी दफनाच्या वेळी माझ्या सद्गुणांवर बोलू नये. का, ते पुढे कळेल.

घर. मागच्या मृत्युपत्रात ते मुलाला होते: दारू सोडली तर, चर्चमध्ये उपासनेला येऊ लागला तर, बहिणीची माफी मागितली तर. मी त्याला ते वाचून दाखवले. तो म्हणाला, "आई, एवढं सगळं करून जे मिळतं ना, त्याला पगार म्हणतात."

मी त्याला उद्धट म्हटले.

चर्चच्या रविवारच्या शाळेत देवाने अब्राहामाशी केलेला करार मीच शिकवत असे. त्या काळी करार करणारे कापलेल्या पशूंच्या मधून चालत. अर्थ हा की जो करार मोडील त्याचेही असेच तुकडे होवोत. अब्राहामाला मात्र गाढ झोप लागली आणि त्या तुकड्यांमधून एकटा देवच गेला. माझा हा मुलगा तेव्हा पहिल्या बाकावर होता. त्याने विचारले, "बाई, मग अब्राहामाने काय केलं?" "काही नाही. घोरत पडला." वर्ग हसला. मग मी सांगितले की करार माणसाने मोडला, आणि मोडल्याची शिक्षा ख्रिस्ताने, म्हणजे देवानेच, सोसली.

हे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बाईने पोटच्या पोरापुढे अटींची यादी धरली. मला लाज वाटते.

घर मुलाला. अट नाही. मुलगी विचारते, "आणि त्याने ते विकून दारूत घातलं तर?" तर घातले. भीती मलाही वाटते. ती भीती माझ्याबरोबर जाईल, घर त्याच्याकडे राहील.

टेबलापाशी बसलेल्या वकीलबाईंनी आत्ता विचारले, "त्यांना उठवू का?" मुलगा बाहेरच्या खोलीत, पायांत बूट तसेच ठेवून झोपला आहे.

"झोपू द्या. त्याचं इथे काही काम नाही."

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: आजचा रविवार, उपासनेनंतर.
साक्षीदार: डॉक्टर, नाडी पाहून; समोरची शिंपीणबाई, डोळे पुसून.
लिहून देणारीची सही: केली.
वारसाची सही: लागत नाही.